नव्या मालकांनो, जनरल मॅनेजरला अधांतरी ठेवू नका

प्रति,
एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला संघ नुकताच विकत घेतलेले सर्व मालक

सप्रेम नमस्कार.

संघाची मालकी बदलली की पहिली पत्रकार परिषद होते. तुमच्या हातात संघाची जर्सी असते, मागे बोधचिन्ह असतं, आणि पाच-दहा मिनिटांत तो प्रश्न येतोच: खेळाडूंची निवड आणि करार ज्याच्या हातात, तो जनरल मॅनेजर राहणार का? उत्तरही ठरलेलं असतं. "आम्ही घाई करणार नाही. आधी सगळं समजून घेऊ, मग पाहू." ऐकायला हे उत्तर समंजस वाटतं. मी कित्येक वर्षं आइस हॉकी जीव लावून पाहतो आहे, आणि मला त्या 'मग पाहू'ची फार भीती वाटते. म्हणून हे पत्र.

जुन्या जनरल मॅनेजरला काढा किंवा ठेवा, असा माझा सरसकट आग्रह नाही. माझं मागणं एवढंच आहे की ज्या माणसाला पुढच्या जुलैत, खेळाडूंचा खुला बाजार उघडेल तेव्हा, सहा-सात वर्षांच्या करारावर सही करू द्यायला तुमचं मन धजत नाही, त्याला त्या खुर्चीवर एक दिवसही बसवू नका. आणि ज्याला बसवाल, त्याच्या हातातलं पेन काढून घेऊ नका. 'तो आहे पण नक्की नाही' ही मधली अवस्था संघाला सगळ्यात महाग पडते.

ती महाग का पडते, हे पैशाच्या हिशेबातूनच स्पष्ट होतं. 2004-05चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीत वाहून गेला आणि त्यानंतर सॅलरी कॅप, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा, आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26साठी 9 कोटी 55 लाख. तुम्ही कितीही श्रीमंत असा, खेळाडूंवर त्या रेषेपलीकडे खर्च करता येत नाही. पण जनरल मॅनेजरचा पगार या कॅपमध्ये धरत नाहीत. करार संपण्याआधी त्याला घरी पाठवलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे तुमच्या खिशातून जातात आणि गोष्ट तिथे संपते. त्याने केलेला चुकीचा करार मात्र तो गेल्यावरही संघाच्या मानगुटीवर बसून राहतो. म्हणजे माणूस बदलणं स्वस्त आणि त्याची सही पुसणं महाग. मालक मात्र बहुतेक वेळा उलटा विचार करतात. नव्याने आल्यावर माणूस काढायला संकोचतात, आणि त्याच माणसाने समोर ठेवलेल्या मोठ्या करारांना मान डोलावतात.

मिनेसोटा वाइल्डचं उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. 4 जुलै 2012ला त्या संघाने झॅक परिसे आणि रायन सूटर या दोघांशी एकाच दिवशी प्रत्येकी 13 वर्षांचा, 9 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला. तेव्हाचे जनरल मॅनेजर चक फ्लेचर 2018मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले पॉल फेंटन जेमतेम सव्वा वर्ष टिकले. त्यानंतरच्या बिल गेरिन यांनी 2021मध्ये ते दोन्ही करार पैसे मोजून मोडले. मोडले म्हणजे सुटले असं नाही. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत संघाच्या कॅपमधले सुमारे 1 कोटी 47 लाख डॉलर या दोघांच्या नावावर अडकून पडले होते. कॅपचा साधारण सहावा हिस्सा, आणि तोही संघात नसलेल्या माणसांसाठी. एका जनरल मॅनेजरची सही तिसऱ्याने निस्तरली. तिथे मालकही बदलले नव्हते. तुम्ही तर नवे आहात. तुमच्या पहिल्याच उन्हाळ्यात कोण कशावर सही करतो, याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

आता थांबण्याची किंमत बघा. न्यू यॉर्क आयलँडर्सची मालकी 2016च्या उन्हाळ्यात स्कॉट मॅल्किन आणि जॉन लेडेकी यांच्याकडे आली. जनरल मॅनेजर गार्थ स्नो 2006पासून त्या खुर्चीवर होते. नव्या मालकांनी त्यांना ठेवलं. 2017मध्ये प्लेऑफ, म्हणजे साखळी सामन्यांनंतरची बाद फेरी, हुकलं, 2018मध्येही हुकलं. या दोन वर्षांत संघाचा कर्णधार जॉन टवारेसचा करार संपत आला होता. तो राहणार की जाणार हे कळत नव्हतं, तरी फेब्रुवारीत त्याचा ट्रेडही, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदलही, झाला नाही. अखेर जून 2018मध्ये स्नो यांना हटवून लू लामोरिएलो यांच्याकडे सूत्रं दिली गेली. टवारेसला पटवायला त्यांच्या हातात जेमतेम काही आठवडे उरले होते. 1 जुलैला टवारेस टोरोंटोला गेला, 7 वर्षं आणि 7 कोटी 70 लाख डॉलर. आयलँडर्सना बदल्यात काहीही मिळालं नाही.

टवारेस कदाचित तसाही गेला असता. लहानपणीचा आवडता संघ बोलावत असेल तर कोणाला थोपवता येतं? पण पुढे जे झालं त्यावरून मला ती दोन वर्षं जास्तच सलतात. 2017-18मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गोल आयलँडर्सनी खाल्ले होते. लामोरिएलो यांनी बॅरी ट्रॉट्झ यांना प्रशिक्षक म्हणून आणलं आणि पुढच्याच हंगामात त्याच संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ले. खेळाडू बरेचसे तेच होते, आणि मोठा तारा तर निघून गेलेला होता. जे काम एका हंगामात होऊ शकत होतं, त्याची सुरुवात व्हायला दोन हंगाम गेले.

पिट्सबर्ग पेंग्विन्सची कथा याच जातीची आहे. फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने 2021च्या अखेरीस संघ घेतला. जनरल मॅनेजर रॉन हेक्स्टॉल आधीच्या मालकांच्या काळात आलेले, ते राहिले. 2022च्या उन्हाळ्यात त्यांनी येव्हगेनी मॅल्किन या खेळाडूला 4 आणि क्रिस लेटांगला 6 वर्षांचे करार दिले, दोघेही पस्तिशीच्या घरातले. या करारांवर वाद घालता येईल. ज्या खेळाडूंनी तीन-तीन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून दिले त्यांना सन्मानाने ठेवणं मला चूक वाटत नाही. पण मार्च 2023मध्ये मायकल ग्रानलुंडला आणलं, ज्याच्या करारात आणखी दोन वर्षं आणि दर वर्षी 50 लाख डॉलर शिल्लक होते, तेव्हा तो निर्णय कोणाच्या भरवशावर झाला? महिना-दीड महिन्यात संघ प्लेऑफबाहेर पडला, सलग 16 हंगामांची परंपरा तुटली आणि हेक्स्टॉल यांना निरोप मिळाला. नवे आलेले काइल डुबस यांचं त्या उन्हाळ्यातलं एक काम म्हणजे ग्रानलुंडला दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालणं. एरिक कार्लसनच्या ट्रेडमध्ये ते त्यांना जमलं. मालकांनी सव्वा वर्ष वाट पाहिली आणि त्या सव्वा वर्षातली सगळी कागदपत्रं नव्या माणसाच्या टेबलावर येऊन पडली.

म्हणून घाईघाईने काढा, असं मी म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. टोरोंटोचा प्रकार आठवा. बेल आणि रॉजर्स या दोन कंपन्यांनी 2012च्या ऑगस्टमध्ये मेपल लीफ्सच्या मूळ कंपनीचा ताबा घेतला. त्या वर्षी टाळेबंदी होती, म्हणजे विचार करायला महिनेच्या महिने मोकळे होते. पण ब्रायन बर्क यांना काढलं ते 9 जानेवारी 2013ला, टाळेबंदी सुटल्यावर आणि हंगाम सुरू व्हायला दहा दिवस उरले असताना. त्यांच्या जागी बसवलं कोणाला? त्यांच्याच हाताखालच्या डेव्ह नोनिस यांना. म्हणजे चेहरा बदलला, विचार तोच राहिला. मग बदललं कशासाठी? त्याच उन्हाळ्यात डेव्हिड क्लार्क्सनला 7 वर्षांसाठी 3 कोटी 67 लाख 50 हजार डॉलरचा करार दिला गेला. दोन हंगाम पुरे व्हायच्या आत तो करार डोईजड झाला आणि क्लार्क्सनच्या बदल्यात कोलंबसकडून नेथन हॉर्टनला घ्यावं लागलं, ज्याची पाठ इतकी जायबंदी होती की तो बर्फावर उतरूच शकत नव्हता. एप्रिल 2015मध्ये नोनिसही गेले. बर्क यांची शैली नव्या मालकांना रुचत नव्हती असं तेव्हा बोललं जायचं. शैली हे कारण असेल तर ते पहिल्या आठवड्यातही तितकंच खरं होतं.

काढायचं ठरलं तर का काढतो आहोत ते स्वतःशी स्पष्ट असावं, आणि येणारा माणूस त्या कारणाचं उत्तर असावा. कॅरोलायना हरिकेन्समध्ये हे झालं. टॉम डंडन यांनी जानेवारी 2018मध्ये संघ घेतला आणि मार्चमध्येच रॉन फ्रान्सिस यांना जनरल मॅनेजर पदावरून बाजूला केलं. फ्रान्सिस हे त्या संघाचं दैवत, खेळाडू म्हणून तिथल्या लोकांच्या काळजातला माणूस. मला तेव्हा त्या निर्णयाचा राग आला होता. आता विचार करतो तेव्हा वाटतं, डंडन यांना स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. पुढचा जनरल मॅनेजर थेट मालकांना उत्तर देईल, हे त्यांनी उघड सांगितलं. अशा मालकाच्या हाताखाली सावकाश, अंतर राखून काम करणारा माणूस वर्षभर कुढत राहिला असता. पुढच्या वसंतात डॉन वॅडेल जनरल मॅनेजर आणि रॉड ब्रिंडामोर प्रशिक्षक असताना, 2009नंतर पहिल्यांदा तो संघ प्लेऑफमध्ये गेला आणि थेट कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य लढतीपर्यंत, पोचला.

पण त्या संघाचा कणा सेबॅस्टियन आहो होता, आणि त्याला 2015च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या फेरीत, 35व्या क्रमांकावर निवडलं ते फ्रान्सिस यांच्या काळात. शिकागोत हेच आधी घडलं होतं: डेल टॅलन यांना जुलै 2009मध्ये हटवलं आणि त्यांनी उभारलेल्या संघाने पुढच्याच जूनमध्ये कप उचलला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नव्या मालकांना पहिल्या वर्षीच्या यशाने सहज वाटतं की आपल्या बदलाचं हे फळ. झाड कोणी लावलं होतं ते विसरू नका. ज्याला काढाल त्याचे आभार जाहीरपणे आणि मनापासून माना. ड्रेसिंग रूममधले खेळाडू आणि गावोगाव थंडीत बसून पोरांचे सामने पाहणारे स्काउट हे सगळं बघत असतात.

आणि ज्याला आणाल त्याला वेळ द्या. या बाबतीत जेफ विनिक यांच्याइतका आदर मला दुसऱ्या कुठल्याही मालकाबद्दल वाटत नाही. त्यांनी 2010मध्ये टॅम्पा बे लाइटनिंग घेतला, काही आठवड्यांत ब्रायन लॉटन यांना निरोप दिला आणि मे महिन्यात स्टीव्ह आयझरमन यांना आणलं. मोठा खेळाडू, पण एनएचएलमध्ये जनरल मॅनेजर म्हणून कोरा. पहिल्याच वर्षी संघ कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. नंतर सलग दोन वर्षं प्लेऑफही नाही. अशा वेळी मालकाच्या कानाशी लागणारे पुष्कळ असतात. विनिक हलले नाहीत. त्याच दोन-चार वर्षांत काय चाललं होतं? 2011मध्ये 58व्या क्रमांकावर निकिता कुचेरोव्ह, त्याच ड्राफ्टमध्ये 208व्या क्रमांकावर ओंद्रेय पालाट, 2012मध्ये गोलरक्षक आंद्रेई वासिलेव्स्की, 2014मध्ये 79व्या क्रमांकावर ब्रेडन पॉइंट. गुणतक्त्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.

आयझरमन 2018मध्ये पायउतार झाले आणि त्यांचे सहकारी जुलिएन ब्रिसब्वा त्या जागी आले. 2019मध्ये 62 सामने जिंकलेला संघ पहिल्याच फेरीत कोलंबसकडून सलग चार सामने हरला. इतका मानहानीकारक पराभव मी क्वचितच पाहिला आहे. तेव्हाही कोणाचं डोकं मागितलं गेलं नाही. 2020मध्ये कप, 2021मध्ये पुन्हा कप. मालकाने माणूस निवडला तिथून पहिल्या कपापर्यंत दहा वर्षं गेली, आणि तोवर तो माणूस त्या संघात उरलाही नव्हता. चांगल्या जनरल मॅनेजरचं काम हे असं उशिरा कळतं. म्हणून त्याला तोलायचा तराजू गेल्या एप्रिलचा गुणतक्ता असूच शकत नाही.

याच्या नेमकं उलट बफेलो सेबर्सचं दुःख. टेरी पेगुला यांनी फेब्रुवारी 2011मध्ये संघ घेतला तेव्हा त्या शहरात सणासारखं वातावरण होतं. त्या वसंतात संघ प्लेऑफमध्ये गेला. तिथून पुढे 2024-25पर्यंत सलग 14 हंगाम प्लेऑफ नाही, एनएचएलच्या इतिहासातली सगळ्यात लांब प्रतीक्षा. डार्सी रेगियर यांना आधी अडीच वर्षांहून जास्त ठेवलं आणि त्यांच्याच हातून व्हिल लेइनो आणि क्रिस्टियन एरहॉफ यांचे लांबलचक करार झाले, जे 2014मध्ये पैसे देऊन मोडावे लागले. मग टिम मरी, मग जेसन बॉटरिल, मग केव्हिन ॲडम्स. सरासरी काढत बसायला नको. एकाने आणलेलं दुसऱ्याने विकलं, हे सूत्र कळलं तरी पुरे. रायन ओ'रायली मरी यांनी आणला, बॉटरिल यांनी घालवला. वर्षभरात तो सेंट लुइससाठी कप जिंकून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जॅक आयकल आणि सॅम राइनहार्ट मरी यांच्या ड्राफ्टमधले, ॲडम्स यांच्या काळात गेले. आयकलने 2023मध्ये व्हेगाससोबत कप उचलला. 2024च्या फायनलच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाचा विजयी गोल राइनहार्टने केला. तो गोल पाहताना मला सेबर्सच्या प्रेक्षकांची आठवण झाली आणि खरंच गलबलून आलं. ती पोरं त्यांचीच होती.

ओटावामध्ये तर उत्तर कागदावरच लिहिलेलं होतं. मायकल अँडलॉअर यांनी सप्टेंबर 2023मध्ये 95 कोटी डॉलरच्या मूल्यावर सेनेटर्स घेतला. काही आठवड्यांतच लीगने येव्हगेनी दादोनोव्ह या खेळाडूच्या जुन्या प्रकरणात निकाल दिला: 2021मध्ये त्याला व्हेगासला देताना, कुठल्या संघांत जायला तो नकार देऊ शकतो ती यादी नीट कळवली गेली नव्हती, आणि त्यामुळे पुढे व्हेगासचा एक ट्रेड रद्द झाला होता. शिक्षा म्हणून सेनेटर्सनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवड गमवायची. 1 नोव्हेंबरला पिएर डोरियन यांची जागा रिकामी झाली आणि स्टीव्ह स्टेयॉस यांनी काम हाती घेतलं. 2025मध्ये संघ आठ वर्षांनी प्लेऑफमध्ये दिसला. प्रशासनातली अशी ढिलाई समोर आली की चर्चा कशाची करायची? पण हेही सांगायला हवं की डोरियन यांनी बरीच वर्षं खर्चाला हात आखडता घेणाऱ्या मालकीखाली काम केलं. त्यांच्या काळातले सगळे ट्रेड त्यांच्या मनाचे होते असं मी धरणार नाही.

म्हणून तुमच्या जनरल मॅनेजरसमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: यातले कोणते निर्णय तुमचे, आणि कोणते जुन्या मालकांनी करायला लावलेले? मग विचारा, न झालेले ट्रेड सांगा. कोणाला देण्याची मागणी आली होती आणि तुम्ही नाही म्हणालात? केलेली कामं सगळ्यांना दिसतात, नाकारलेली फक्त त्याला ठाऊक असतात, आणि माणसाची पारख तिथे होते. चार-पाच वर्षांपूर्वीचा ड्राफ्ट उघडा, गेल्या वर्षीचा नको. अठरा वर्षांच्या पोराबद्दल एका वर्षात काहीच कळत नाही. स्काउटना त्याच्या गैरहजेरीत भेटा. आणि कृपा करून जुन्या लाडक्या खेळाडूला फक्त लोकांच्या टाळ्यांसाठी खुर्चीत बसवू नका. आयझरमनसारखे सगळे नसतात, आणि त्यांनीही आधी डेट्रॉइटच्या कार्यालयात काही वर्षं बसून हे काम शिकून घेतलं होतं.

हे सगळं करायला सहा आठवडे पुरतात, फार तर दोन महिने. तेवढ्या काळात लांब मुदतीचे करार आणि पहिल्या फेरीच्या निवडी गुंतवणारे ट्रेड थांबवा, आणि हे त्याला समोर बसवून सांगा, वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. व्यवहार भर हंगामात पूर्ण झाला असेल तर मार्चची ट्रेडची मुदत याच नियमाने पार पाडा. एखादा चांगला सौदा हुकेल. हुकू दे.

पण जूनमधल्या ड्राफ्टच्या आत उत्तर हवं. त्या टेबलावर जो बसेल तो तुमचा माणूस असला पाहिजे, कारण तिथे निवडलेली पोरं पुढची कित्येक वर्षं तुमची असणार आहेत आणि दोन-चार दिवसांत 1 जुलै उजाडणार असतो. जुन्याला ठेवणार असाल तर त्याचा करार वाढवून ठेवा, म्हणजे समोरच्या संघांना आणि एजंटांना कळेल की याच्या शब्दामागे मालक उभे आहेत. शेवटच्या वर्षात लटकत असलेल्या जनरल मॅनेजरला समोरचा माणूस फोनवरच ओळखतो आणि त्याच्या गरजेचा भाव लावतो.

पुढच्या पत्रकार परिषदेत तो प्रश्न पुन्हा येईल. त्या वेळी 'मग पाहू' म्हणू नका, एक तारीख सांगा. आम्ही तेवढे दिवस शांतपणे वाट पाहू.

कळावे,

आपला,
आइस हॉकीचा एक प्रेक्षक